मामाच्या पाटावर येणारे पक्षी

डिसेंबर लागला की रविवारी काय करणार असं आमच्या घरी मला कुणी विचारतच नाही. पहाटे साडेपाचला फोंड्याहून स्कूटर काढायची, वाटेत जे पहिलं हॉटेल उघडं दिसेल तिथं पातळ भाजी आणि दोन उंडे, म्हणजे गोल पाव, खायचे, वर कडक चहा, आणि ऊन यायच्या आत सत्तरी तालुक्यात मामाच्या घरी पोचायचं. वाळपई जवळ आली की धुकं लागतं, हेल्मेटची काच सारखी पुसावी लागते, आणि झाडांखालून जाताना दव इतकं टपटपतं की कॅमेऱ्याच्या बॅगेवर मी पावसाळ्यातला रेनकोट तसाच घालून ठेवतो.

मामाचं कुळागर आहे. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, कुळागर म्हणजे पोफळीची बाग, पण ती एकट्या पोफळीची कधीच नसते. डोंगराच्या पायथ्याशी झऱ्याच्या पाण्यावर लावलेली, वर पोफळी आणि माड, त्यांच्यावर चढलेल्या मिरवेली, खाली केळी, जायफळ, भिरंड म्हणजे कोकम, अननस, मध्येच एखादा जुना फणस, आणि ह्या सगळ्यातून वाट काढत फिरणारे पाण्याचे पाट. मामाच्या कुळागराच्या मागे लगेच रान सुरू होतं, मध्ये फक्त चिऱ्यांचा एक गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, तोही दोन-तीन ठिकाणी ढासळलेला. ह्या गडग्याच्या आसपास बसून गेल्या तीन हिवाळ्यांत मला जे छोटे पक्षी कॅमेऱ्यात मिळाले ते त्याआधीची चार वर्षं बोंडला, मोले, तांबडी सुर्ला असं गोव्यातल्या रानांत सगळीकडे धावून मिळाले नव्हते, म्हणून ते एकदा नीट लिहून काढावं म्हटलं.

धावून म्हणजे खरंच धावून हां. तांबडी सुर्लाला महादेवाचं देऊळ आहे, कदंबांच्या काळातलं, १२व्या शतकातलं, काळ्या दगडाचं. त्याच्या आसपासचं रान सकाळी आठ-साडेआठला एकदम जागं होतं. आधी भृंगराजाचा आवाज येतो, तो कधी स्वतःची शीळ घालतो तर कधी दुसऱ्या कुठल्या पक्ष्याची नक्कल करतो, आणि त्याच्या मागोमाग सगळी वरात. वरच्या फांद्यांवर निखार, नर लालभडक आणि मादी पिवळी, मधल्या फांद्यांवर निळा ब्लॅक-नेप्ड मोनार्क, खोडावर डोकं खाली करून उतरणारा तो जांभळट निळ्या पाठीचा आणि लाल चोचीचा नटहॅच, पानांत हिरवे वटवटे, कुठंतरी सुभग पक्षी शीळ घालतोय, खाली झुडपांत फुल्वेटा नावाच्या छोट्या पक्ष्यांची किचकिच. पाच-दहा मिनिटं अख्खं झाड हलत असतं आणि मग एकदम सगळं सामसूम, वरात पुढं गेलेली असते.

पक्षी बघणारे ह्याला हंटिंग पार्टी म्हणतात. हिवाळ्यात बहुतेक छोट्या पक्ष्यांना घरट्याची, पिल्लांची काळजी नसते, म्हणून वेगवेगळ्या जातीचे पक्षी एकत्र खात फिरतात. शिक्रा आला तर इतक्या डोळ्यांपैकी कुणाला तरी दिसतोच, आणि एकानं हलवलेल्या पानातून उडालेला किडा दुसऱ्याला मिळतो. भृंगराज तर मुख्यतः त्यासाठीच मागं लागलेला असतो, दुसऱ्यांनी उठवलेले किडे हवेतल्या हवेत पकडतो आणि धोका दिसला की सगळ्यात आधी ओरडतोही तोच. मी मात्र त्या वरातीच्या मागं सव्वादोन किलोची लेन्स घेऊन पळायचो, काटक्या मोडत, मान वर करून, आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर बघितलं की तीनशे फोटोंत शेपट्या, पानं, आभाळ आणि एखाददुसरा काळा ठिपका.

आता ह्यात आपल्याकडच्या रानाचाही एक भाग आहे. थंडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं निष्पर्ण झाडं आणि उघड्या फांदीवर फुगून बसलेला पक्षी येतो, गोव्यात डिसेंबर-जानेवारीत तसं काही नसतं. आपली पानगळ खरी फेब्रुवारी-मार्चमधली, तीही सगळ्या झाडांची नाही, आणि ओढ्याकाठच्या झाडांची तर जवळजवळ नाहीच. त्यामुळं ऐन थंडीत, जेव्हा हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून आलेले पाहुणे आपल्याकडे असतात, तेव्हा रान हिरवंगार, दाट आणि आतून अंधारं असतं. ग्रीनिश वार्बलरचंच घ्या. सात-आठ ग्रॅमचा जीव, मध्य आशियातून नाहीतर हिमालयातून इथपर्यंत येतो आणि एप्रिलपर्यंत राहतो, अंगाचा रंग पानासारखा, पंखावर एक बारीक फिकट रेघ, डोळ्यावर फिकट भुवई, आणि एका जागी दोन सेकंद टिकत नाही. त्याची ती दोन तुकड्यांतली हाक मात्र दिवसभर चालू असते. डोक्यावर दहा ठिकाणी हाक ऐकू येते आणि दिसत काहीच नाही.

माझ्याकडे निकॉनचा डी ७५०० आहे आणि २००-५०० मिलिमीटरची लेन्स, दोन्ही सेकंड हँड घेतलेली. लेन्सचं सगळ्यात उघडं छिद्र एफ/५.६, म्हणजे कमी उजेडासाठी फार काही ग्रेट नव्हे. रानात सकाळी साडेआठला आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ३२०० ठेवूनही शटर स्पीड १/१२५ सेकंदाच्या वर जात नाही आणि इतक्या चुळबुळ्या पक्ष्याला किमान १/५०० तरी हवा. मला वाटायचं सगळा दोष लेन्सचा, अजून महागडी लेन्स हवी, आणि तेवढे पैसे तर नव्हते.

मग एक गोष्ट मी केली, जी सांगायला मला आजही वाईट वाटतं. मामाच्या कुळागरात टिकेल्स ब्लू फ्लायकॅचरची एक जोडी बारा महिने असते, नर वरून गडद निळा आणि छातीवर नारिंगी, गाणं एकदम गोड आणि छोटंसं. मला त्याचा समोरून, जवळून फोटो हवा होता. मोबाइलवर त्याच्याच जातीचं गाणं लावलं आणि मोबाइल मिरवेलीच्या बुंध्याशी ठेवला. तो आला, लगेच आला, माझ्यापासून दहा फुटांवर. गळा फुगवून गात होता, ह्या फांदीवरून त्या फांदीवर, परत मोबाइलवरून झेप मारायचा, परत फांदीवर, चोच उघडी. मी गाणं तिसऱ्यांदा लावलं तेवढ्यात मामा पाठीमागून आला. तो खोरं घेऊन पाट फिरवायला निघाला होता. दोन मिनिटं उभा राहून बघत होता बहुतेक, मग एवढंच म्हणाला, "बंद कर तें."

मी बंद केलं. तो पक्षी त्यानंतरही पाऊण तास त्याच जागेभोवती घिरट्या घालत होता, गात होता, खात काहीच नव्हता. जो शत्रू नव्हताच त्याला शोधत होता. फोटो शार्प आले होते, डोळ्यातला उजेडाचा ठिपकासुद्धा स्वच्छ दिसत होता, पण उघडी चोच आणि फुगलेला गळा बघितला की मला ते ४५ मिनिटं फिरणंच आठवायचं. ते फोटो मी कुठंच टाकले नाहीत, नंतर डिलीट केले. तेव्हापासून मोबाइलवर आवाज लावणं बंद, कुणाबरोबर गेलो आणि त्यानं लावला तर मी सरळ सांगतो की नको. थंडीत दिवस लहान, त्यात ह्या जिवांना अखंड खात राहावं लागतं, त्यातला पाऊण तास आपण घ्यायचा कशासाठी?

त्या दिवशी दुपारी जेवताना मामानं विषय काढला. रागावला वगैरे नाही. म्हणाला, "सुकणीं खंय वचनांत. उदक खंय आसा तें पळय." पक्षी कुठं जात नाहीत, पाणी कुठं आहे ते बघ. आणि मग सांगत बसला की पावसाचं पाणी संपलं, रानातले छोटे ओहोळ आटायला लागले, की संध्याकाळी पाटावर कोण कोण येतं. नावं त्याला येत नाहीत, तो म्हणतो ते निळं, ते शेपटी हलवणारं, ते पाचोळा उलटणारं. पन्नास वर्षं रोज खोरं घेऊन तिथं फिरणाऱ्या माणसाला मी कधी विचारलंच नव्हतं.

पाटाचं काम असं चालतं. वरच्या झऱ्याचं पाणी मोठ्या पाटातून येतं, तिथून माती आणि केळीची सोपटं लावून किंवा काढून पाळीपाळीनं एकेका वाफ्याला सोडतात. शेजारच्या कुळागरांत आता स्प्रिंकलर आले, मामा अजून पाटच फिरवतो. ज्या भागात दुपारी पाणी सोडलं तिथं संध्याकाळी जमीन ओली, पाचोळा ओला, त्याखालचे किडे वर आलेले, आणि पाटाच्या वळणांवर पाणी इंच-दीड इंच खोल साचलेलं. छोट्या पक्ष्याला आंघोळीला एवढंच लागतं, जास्त खोल पाण्यात तो उतरतच नाही.

गडग्याच्या ढासळलेल्या जागेपासून पाट वळतो तिथं मी बसायला सुरुवात केली. जायफळाच्या खाली एक गोणपाट, लेन्सला आधार म्हणून तांदळाच्या पिशवीत वाळू भरून केलेली उशी, अंगावर जुना मातकट शर्ट. पाण्यापासून पंधरा-सोळा फूट. ह्या लेन्सचा फोकस जवळात जवळ सव्वादोन मीटरपर्यंत येतो, म्हणजे सात-सव्वासात फूट, त्यामुळं पक्षी बराच जवळ आला तरी काळजी नाही. आणि जागा अशी की पाणी पश्चिमेकडच्या मोकळ्या भागासमोर, तिथं एक माड पडल्यामुळं वर छताला भोक पडलंय, त्यातून चार ते साडेपाचपर्यंत उजेड खाली येतो. जिथं पाणी आणि उजेड एकत्र येतात ती जागा शोधायला मला तीन रविवार लागले, पण एकदा ती सापडली तेव्हा तीच लेन्स, तोच कॅमेरा, आणि शटर स्पीड १/८००, १/१००० मिळायला लागला.

पहिला आला तो रानधोबी. नेहमीचा धोबी शेपटी वरखाली करतो, हा आडवी हलवतो, म्हणजे शेपटीच नाही तर मागचं सगळं अंग डावीकडं-उजवीकडं, चालता चालता. छातीवर दोन काळे पट्टे, पंखावर पांढऱ्या-पिवळसर पट्ट्या, बाकी पाठ पाचोळ्याच्या रंगाची. चीन-कोरियाच्या बाजूला वीण करणारा हा पक्षी थंडीत येतो आणि नेमका अशा सावलीतल्या ओल्या जमिनीवर उतरतो. पाटाच्या कडेकडेनं चालत आला, एका सुपारीच्या सोलावर चढला, थांबला, आणि मी श्वास धरून बसलो होतो तर त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि परत किडे टिपायला लागला. आठ वर्षांपूर्वी कॅमेरा हातात घेतल्यापासून इतक्या शांतपणे कुठल्या पक्ष्यानं मला फोटो काढू दिला नव्हता.

पण मला सगळ्यात आवडतो तो मोनार्कचा कार्यक्रम. साधारण पावणेपाचला येतो. पाटावर एक वाळकी काटकी आडवी आलेली आहे, ती मामा मुद्दाम तोडत नाही. नर त्या काटकीवर बसतो, मानेवर तो काळा ठिपका, गळ्याखाली एक बारीक काळी रेघ, बाकी सगळा निळा, आणि सावलीत असतो तोवर तो निळा साधाच दिसतो, राखाडीकडं झुकलेला. मग तिथून पाण्यावर झेप. पाण्यात बसत नाही तो, पोट आणि छाती टेकवतो आणि त्याच वेगात वर काटकीवर. अंग झटकतो, पिसं फुगवतो, डोक्याची पिसं चोचीच्या मुळाशी उभी राहतात, चोचीनं एक पंख विंचरतो, परत झेप. असं सात-आठ वेळा. चौथ्या-पाचव्या झेपेनंतर पिसं इतकी भिजतात की नीट उडता येत नाही, काटकीवर परतताना जरा घसरतो. त्याच वेळी वरच्या भोकातून आलेलं ऊन काटकीच्या टोकावर असेल आणि तो सरकत सरकत त्या उन्हात वाळायला आला, तर तो निळा पेटतो. मी ते दोन हिवाळ्यांत मिळून चारदाच बघितलंय आणि त्यातला एकच फोटो नीट आलाय. डाव्या पंखाखालून तीन थेंब सुटलेत, तिन्ही गोल, आणि सगळ्यात मोठ्या थेंबात उलटा माड दिसतो.

तो फोटो १/१००० वर, आयएसओ २५००. ग्रुप एरिया फोकस, म्हणजे एका बिंदूऐवजी बिंदूंच्या गटानं धरलेला. काटकीवर आधी फोकस करून ठेवला होता, कारण झेपेत पक्ष्याला पकडायला गेलं की कॅमेरा मागच्या केळीच्या पानाला धरतो. ज्यांना हे करायचंय त्यांना एक सांगतो, कुळागरातलं ऊन ठिपक्याठिपक्यांचं असतं, अर्धा पक्षी उन्हात आणि अर्धा सावलीत आला की उन्हातला भाग पांढराफटक जातो आणि मग काही केल्या परत मिळत नाही, म्हणून मी एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, जरा कमीच ठेवतो, उणे ०.७ वगैरे, सावली नंतर उजळता येते. उलट सकाळी आभाळाकडं तोंड करून वरचे पक्षी काढताना अधिक १, कधी अधिक १.७ सुद्धा, नाहीतर तो काळा ठिपकाच. आणि फ्लॅश अजिबात नाही, संध्याकाळी तर नाहीच.

सकाळचं काम वेगळं. घरामागच्या आंब्यावर बांडगूळ आहे, खूप, मामी दरवर्षी म्हणते कापून टाका म्हणून. त्यावर फुलटोचा येतो. आठ सेंटीमीटर, भारतातल्या सगळ्यात छोट्या पक्ष्यांतला एक, रंगानं राखट आणि साधा, पण बांडगुळाची फळं तो खातो, चिकट बी फांदीला पुसून टाकतो आणि तिथंच नवीन बांडगूळ उगवतं. बांडगुळाच्या त्या नळीसारख्या फुलांवर शिंजीरही येतो, सह्याद्रीतच सापडणारा छोटा, पाठीवर किरमिजी. गच्चीवरून ह्या फांद्या बरोबर डोळ्यांच्या पातळीवर येतात, साडेआठला ऊन पाठीमागून, मान वर करायची गरज नाही. वरचे पक्षी काढायला आपणच वर जायचं हेही मला असंच उशिरा सुचलं. आंब्याचं नुकसान होतं हे खरंय, म्हणून मामीशी बोलून असं ठरलंय की मोहोराच्या बाजूचं कापायचं आणि गच्चीकडची एक फांदी तशीच ठेवायची.

एक सूचना थंडीची नसून पावसाळ्याची, पण इथंच लिहितो. आपल्या हवेत लेन्सला बुरशी धरते. माझी पहिली झूम लेन्स जून ते सप्टेंबर बॅगेतच राहिली आणि दिवाळीला काढली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू. आता घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा हायग्रोमीटर, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवायची, जेलचा रंग बदलला की ते तापवून परत वापरायचं. पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून उजेड दाखवतो. ज्यांना पावसात तिबोटी खंड्या काढायचा असतो ते जास्त नीट जपतात, त्यांना सवय असते.

आता राहिलेलं. इंडियन ब्लू रॉबिन. हिमालयात वीण, थंडीत सह्याद्रीत आणि श्रीलंकेत. वरून निळा, खालून नारिंगी, डोळ्यावर पांढरी भुवई, पायावर उंच उभा राहतो आणि शेपटी थरथरवतो. तो आहे, ह्या गडग्याच्या मागेच आहे, दोन गारगोट्या एकमेकींवर आपटाव्यात तसा टक टक आवाज रोज येतो. पण पाटावर येतो तो ऊन गेल्यावर, पावणेसहाच्या पुढं, जेव्हा पोफळीच्या खाली काळोख उतरलेला असतो आणि मला कॅमेऱ्यातून फक्त एक हलणारी पांढरी भुवई दिसते. आयएसओ ६४००, शटर १/६०, तेवीस फोटो, एकही धड नाही. मागच्या महिन्यात तर तो माझ्या बुटापासून चार फुटांवर पाणी प्यायला आला होता, फोकसच्या अंतराच्याही आत. मी कॅमेरा खाली ठेवला आणि नुसता बघत राहिलो. चोच बुडवतो, मान वर करतो, गळा हलतो, परत चोच बुडवतो. पाचदा प्यायला आणि गडग्याच्या भोकातून परत आत गेला.

मामाला सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही. पण आता पौष चालू आहे, गावात धालो, म्हणजे बायकांचा नाच-गाण्यांचा उत्सव, सुरू आहेत, रात्री मांडावरून, म्हणजे त्याच्या अंगणातून, बायकांची गाणी ऐकू येतात, आणि काल रात्री साडेनऊला त्या गाण्यांच्या आवाजात त्याचा फोन. वरच्या वाफ्याची पाळी आहे, तिथं पोफळी विरळ आहेत आणि उजेड अर्धा तास जास्त टिकतो, ते टक टक करणारं तिकडंही येतं म्हणे.

"फाल्यां उदक सोडटां, येतलो मरे?" उद्या पाणी सोडतोय, येशील ना?

बॅटरी चार्जिंगला लावलीय.